चाळीस मिलिमीटरचा कूलर

आमच्या चुलतसासऱ्यांइतकं उष्णतेला मनावर घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही, आणि मराठवाड्यात उष्णतेची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही. बाकीची माणसं उन्हाळा आला की घाम पुसतात, ताक पितात, सूर्याच्या नावानं दोन शब्द बोलतात आणि जूनची वाट बघत बसतात. चुलतसासरे उन्हाळ्याशी वाद घालतात, आणि तोही पुराव्यानिशी. सदतीस वर्षं ते एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल-नारळ दिला. त्यांनी स्वतः मागून घेतला तो एक जुना, आकडे पुसट झालेला काचेचा तापमापक. तेव्हापासून तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी असतो, आणि पेनापेक्षा जास्त वेळा बाहेर येतो.

मी पहिल्यांदा मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीकडच्या मंडळींत हे कोपऱ्यात बसले होते. माझ्यापुढं पोह्यांची बशी आली. मी चमचा उचलणार, तेवढ्यात हे उठून आले आणि त्यांनी माझ्या पोह्यांत तापमापक खुपसला. अर्ध्या मिनिटानं त्यांनी तो बाहेर काढला, त्याला चिकटलेला कांदा पुसला आणि म्हणाले, "एकोणपन्नास. खा आता. साठाच्या वर असते तर जीभ भाजली असती, मग तुम्ही काहीतरी तिरकं बोलला असता अन् एक चांगलं स्थळ हातचं गेलं असतं." माझं लग्न पोह्यांच्या तापमानामुळं जमलं, असं ते आजही चारचौघांत सांगतात.

चहा ते बासष्टला पितात. त्याच्या वर असेल तर थांबतात, खाली गेला असेल तर परत पाठवतात. कुणाच्या मयतीनंतर भेटायला गेले तर घरच्यांचं रडणं होईपर्यंत शांत बसतात, मग उठून भिंतींवरून तळहात फिरवतात. एकदा अणदूरला एका दूरच्या नातेवाइकाकडं असंच जाणं झालं. गेलेले गृहस्थ नव्वदीचे होते. चुलतसासरे त्यांच्या खोलीच्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले आणि गेलेल्या माणसाच्या मुलाला गंभीरपणे म्हणाले, "पश्चिमेची भिंत. हिनंच घेतलं त्यांना." मुलगा बिचारा हुंदके द्यायचा थांबून भिंतीकडं बघतच राहिला. नंतर कळलं, त्यानं त्या भिंतीबाहेर दोन लिंबाची झाडं लावली.

एसटीत कुठल्या बाजूला ऊन येणार याचा त्यांचा अभ्यास तर जिल्ह्यात नावाजलेला आहे. एका वऱ्हाडाची बस तुळजापूरहून परंड्याला निघाली होती. यांनी सगळ्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून डाव्या बाजूला बसवलं, तरण्याताठ्यांना उजवीकडं. रस्त्याचं काम चालू होतं म्हणून ड्रायव्हरनं बस भलत्याच वाटेनं घातली आणि अडीच तास सगळे म्हातारे भाजून निघाले. मांडवात उतरल्यावर नवरदेवाच्या आजोबांनी जाब विचारला, तेव्हा हे एवढंच म्हणाले, "सूर्य बरोबर होता. ड्रायव्हर चुकला."

असा हा माणूस. आता कूलरची हकीकत सांगतो.

त्यांचं गाव हमरस्त्यापासून थोडं आत आहे. तिथं नळाला पाणी येतं, पण कधी येतं हे कुणालाच ठाऊक नसतं. कधी सहाव्या दिवशी, कधी अकराव्या. पाणी सोडणारा माणूस, ज्याला गावात वॉलमन म्हणतात, लांबलचक लोखंडी चावी सायकलीला बांधून फिरतो आणि मनात येईल तेव्हा एकेका गल्लीचा वॉल उघडतो. निवृत्तीनंतर चुलतसासऱ्यांनी याची नोंद ठेवायला सुरुवात केली. पाणी कुठल्या वारी आलं, किती वाजता, धार जाड की पातळ, त्या दिवशी बाजार होता का, वीज होती का, वॉलमनचे गुडघे दुखत होते का, त्याची लेक माहेरी आली होती का. शाळेतल्या कंप्युटरच्या सरांकडं वर्षभर बसून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला, सोलापूरहून सुटे भाग आणून एक कंप्युटर जोडला आणि ही सगळी माहिती त्यात भरली. कंप्युटरनं सांगितलेला पाण्याचा पुढचा दिवस ते दाराबाहेरच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहीत: "पाणी: सोमवार, सकाळी ९.२०. धार मध्यम." सुरुवातीची दोन वर्षं अंदाज वारंवार चुकले. मग हळूहळू ते बरोबर यायला लागले, आणि पुढं इतके बरोबर यायला लागले की गल्लीतल्या बायका फळा वाचल्याशिवाय पापड लाटेनात, गोधड्या भिजवेनात, की पाहुण्यांना या म्हणेनात.

गेल्याच्या गेल्या वर्षी पाडव्यानंतर तो कंप्युटर मधेच बंद पडायला लागला. चालू केला की दहा मिनिटांत ठप्प. मी तुळजापूरच्या एका शाळेत मराठी शिकवतो. कंप्युटरमधलं मला काही कळत नाही, पण जावई असल्यामुळं बोलावणं आलं. मी गेलो. जावयाला पाट, पाणी, सरबत असा मान असतो. मला दारातच एक स्क्रू-ड्रायव्हर मिळाला.

त्यांनी कंप्युटरचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं होतं. आतली मोठी हिरवी पाटी दाखवत ते म्हणाले, "जावईबापू, हा बघा प्रोसेसर. ह्याच्यावर एवढा मोठा पंखा. अन् हा शेजारी बसलाय तो चिपसेट. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं, सगळी ने-आण हाच करतो. म्हणजे प्रोसेसर सरपंच समजा अन् हा ग्रामसेवक. राबतो ग्रामसेवक, पंखा सरपंचाच्या डोक्यावर."

"ह्याला पंखाच नाही?" मी विचारलं.

"होता. रुपयाएवढा होता. धुळीनं अडकून मेला. आता त्याच्याखालचा नुसता ॲल्युमिनियमचा तुकडा उरलाय. हात लावून बघा."

मी हात लावला. बोटाला जो फोड आला तो आठ दिवस टिकला. चुलतसासऱ्यांनी माझ्या बोटाकडं नाही, तापमापकाकडं बघितलं. "एक्क्याऐंशी," ते म्हणाले. तो आवाज मी ओळखतो. घरातल्या आजारी माणसाचा ताप सांगताना माणसं तसं बोलतात.

मी म्हटलं, नवीन कंप्युटर घ्या. तर तो जुना प्रोग्रॅम नव्या कंप्युटरवर चालत नाही. मग म्हटलं, जुन्या वह्यांवरून हातानं हिशेब करा. तेव्हा चुलतसासूबाई, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्या वह्या कुठंयत आता? त्येच्यावर म्या सांडगे वाळू घातले. ती शाई सांडग्याला लागली, अन् कावळं बी खाईनात." म्हणजे पंधरा वर्षांचं पाणी त्या तापलेल्या पेटीत अडकलेलं होतं.

एरवी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण समोरच्या घरात लग्न होतं. तिथं एक बाई ब्लाऊज शिवून घर चालवायच्या. नवरा नव्हता, एकुलती एक मुलगी, कोमल. कोमल लहानपणी अक्षरं शिकली तीच चुलतसासऱ्यांच्या फळ्यावर. तिला पहिल्यांदा लिहिता आलेला शब्द आईही नव्हता आणि बाबाही नव्हता. तो होता 'धार'. तिच्या हळदीची तारीख ठरवताना तिच्या आईनं आधी चुलतसासऱ्यांना विचारलं होतं आणि यांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "शुक्रवारी हळद धरा. आदल्या दिवशी नळ येणार." दोनशे माणूस जेवणार होतं. त्या भरवशावर पत्रिका छापल्या गेल्या. आणि आता दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या: म्हातारपणामुळं काम सोडून घरी बसलेल्या जुन्या वॉलमनच्या जागी नवा माणूस आला होता, आणि हिशेब नव्यानं करायला कंप्युटरच बंद होता. फळा कोरा पडला. आश्चर्य म्हणजे त्याच आठवड्यापासून पाणीही बेभरवशाचं झालं. एकदा चौथ्याच दिवशी आलं, मग तेरा दिवस पत्ता नाही.

कोमलची आई दाराशी येऊन उभी राहिली. "काका, गुरुवारचं नक्की ना?"

चुलतसासरे खोटं बोलत नाहीत. "कूलर बसला की सांगतो," ते म्हणाले.

आणि इथंच घोटाळा झाला. कंप्युटरच्या त्या चिपसेटवर बसवायच्या धातूच्या ठोकळ्यालाही कूलरच म्हणतात, हे गावात एका माणसाला ठाऊक होतं. बाकी सगळ्या गावाला कूलर म्हणजे खिडकीत बसवायचा, वाळ्याच्या जाळ्यांचा, घरघर आवाज करणारा मोठा पत्र्याचा कूलर. काकूंनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी असा कूलर मागितला होता. छत्तीस वर्षं त्यांना एकच उत्तर मिळालं होतं: "कूलर रोज दोन घागरी पाणी पितो. पश्चिमेची खिडकी लावून घ्या." आता नवऱ्याच्या तोंडून दिवसभर कूलर, कूलर ऐकून काकूंचा चेहरा उजळून निघाला. मी पुढच्या रविवारी गेलो तर त्यांनी माजघरातला खिडकीशेजारचा कोपरा रिकामा केला होता, तिथली धान्याची कणगी हलवली होती, फरशी घासली होती.

"लई वर्सांनी सुचलं बगा ह्यांला," त्या मला हळूच म्हणाल्या. "म्हनत हुते, उंची बघावी लागंल, वरती टेकता कामा नये. आवाज बी कमी पायजे म्हनत हुते. माज्या झोपंचा इचार केला असंल, न्हाय का?"

मला खरं ठाऊक होतं. मी सांगायला हवं होतं. पण त्यांनी माझ्यापुढं थंडगार पन्ह्याचा पेला ठेवला होता आणि त्या इतक्या खुशीत होत्या की मी पन्हं पिऊन गप्प बसलो. या हकीकतीत माझ्या हातून झालेली ही एक चूक आहे, आणि ती मी कबूल करतो.

तिकडं बंद खोलीत चुलतसासऱ्यांचं कूलर निवडणं चालू होतं. त्यांनी ती हिरवी पाटी बाहेर काढली, शाळेतून आणलेल्या व्हर्नियरनं चिपसेटच्या दोन बाजूंच्या भोकांमधलं अंतर अकरा वेळा मोजलं, आणि सरासरी काढली. कूलर त्या भोकांत बसायला हवा. तो फार उंच नको, कारण वर दुसरं कार्ड आडवं येतं. फार जड नको, कारण पाटी पेटीत उभी असते आणि वजनानं तडकेल. बारका पंखा असलेला घ्यावा तर तो पुन्हा धुळीनं मरणार. बिनपंख्याचा घ्यावा तर त्यांचा जीव होईना. "ज्याला पंखा न्हाय त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" ते म्हणाले. त्यांचे साडू तेरखेड्याचे, फटाक्यांच्या धंद्यातले. त्यांना फोन करून सल्ला विचारला. ते म्हणाले, "उष्णता बाहेर कशी घालवायची ते आमाला एकाच पद्धतीनं येतं, अन् ती तुमच्या उपयोगाची न्हाय."

उंचीचा अंदाज येईना, तेव्हा यांनी काकूंकडून मूठभर कणीक मागून घेतली. काकूंना वाटलं, डब्याची गळती बुजवायची असेल. यांनी त्या कणकेचा कूलर केला, चांगला चौदा पात्यांचा, चिपसेटवर ठेवला, वरचं कार्ड बसवलं आणि परत काढून बघितलं, कुठली पाती दबली. तीन पाती दबली होती. हे पाहून समाधानानं जेवायला गेले. परत आले तर मुंग्यांनी चौदाही पाती नेली होती, आणि पाटीच्या भोकांतून मुंग्यांची रांग अशी चालली होती की चुलतसासरे कौतुकानं म्हणाले, "बघा, हवेचा मार्ग मोकळा आहे."

मग आम्ही सोलापूरला गेलो. पाटी काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर, आणि आम्ही अर्थात सावलीच्या बाजूला. दुकानदार तरुण होता, समजूतदार होता. त्यानं पाटी बघितली आणि म्हणाला, "काका, आता ह्याला कूलर कोण लावतं? बोर्डच बदलून टाका."

"घरातलं माणूस तापलं तर बदलून आणता का?" चुलतसासऱ्यांनी विचारलं.

त्या बिचाऱ्यानं शिडी लावली आणि माळ्यावरून एक धुळकट खोका काढला. त्यात तीन निघाले: एक बारक्या पंख्याचा, एक तांब्याच्या वाकड्या नळ्यांचा, आणि एक नुसताच पात्यांचा, चाळीस मिलिमीटरचा काळा ठोकळा. यांनी तिन्ही शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर शेंगदाण्यांबरोबर तोलून आणले. पंखा कानाशी धरून फुंकर मारून फिरवला. तांब्याच्या नळ्यांचा वास घेतला. दुकानदारानं सांगितलं की चिप आणि ठोकळा यांच्यामधे एक मलम लागतो, फक्त तांदळाच्या दाण्याएवढा. यांनी लगेच विचारलं, "कोलम की आंबेमोहोर?" दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं बघितलं. तीन तासांनी चुलतसासरे म्हणाले, "घरी जाऊन विचार करतो," आणि आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो.

हळद पाच दिवसांवर आली होती. माझा पारा चढला होता आणि तो मोजायची त्यांची हिंमत झाली नाही. शेवटी सोमवारी त्यांनी दुकानदाराला फोन केला आणि निर्णय सांगितला: काळा ठोकळा, बिनपंख्याचा. "पंखा फिरतो तोवर सोबत. थांबला की त्याच्यासारखं ओझं न्हाय," असं म्हणून त्यांनी आयुष्यभराचं मत बदललं. पार्सल एसटीनं येणार होतं.

मंगळवारी मी मुद्दाम रजा काढून गेलो. काकूंनी उंबऱ्यावर पाणी शिंपडलं होतं. हातात ताट, ताटात हळद-कुंकू. त्यांनी धाकट्या बहिणीलाही बोलावलं होतं. चुलतसासरे स्टँडवरून चालत आले. त्यांच्या हातात पेढ्याच्या पावशेरी खोक्याएवढं काहीतरी होतं.

काकू त्यांच्या मागं रस्त्यावर बघत राहिल्या. "अन् कूलर?"

"हा काय." त्यांनी खोकं उघडून ठोकळा तळहातावर धरला. उत्साहात ते सांगायला लागले, "ह्याची पाती बघा किती..." आणि मग त्यांनी काकूंचा चेहरा बघितला. मग त्यांनी उघड्या दारातून आतला घासलेला कोपरा बघितला. त्यांना सगळं एकदम कळलं.

काकूंनी त्या ठोकळ्याला हळद-कुंकू वाहिलं, ताट बहिणीच्या हातात दिलं, आणि "आलाय तर घ्या आत" एवढं म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. चुलतसासरे ठोकळा घेऊन तसेच अंगणात उन्हात उभे राहिले. ऊन कुठल्या बाजूचं आहे हेसुद्धा त्यांनी बघितलं नाही.

ठोकळा मात्र अगदी नेमका बसला. कंप्युटर सुरू झाला, दहा मिनिटं झाली, तास झाला. तापमापक पन्नासावर थांबला. चुलतसासऱ्यांनी रात्रीचं जेवणही केलं नाही आणि बुधवारी सकाळी फळ्यावर अक्षरं उमटली: "पाणी: गुरुवार, सकाळी १०.१०. धार जाड." गल्लीत कुजबुज सुरू झाली. नवा वॉलमन, नवी पद्धत, काकांना काय कळणार? पण गुरुवारी दहा वाजता कोमलच्या आईनं सगळ्या घागरी, हंडे, पातेली, शेजारच्यांच्या बादल्या, अगदी शिवणकामाच्या चिंध्यांचा पत्र्याचा डबासुद्धा रिकामा करून नळापाशी लावला होता. दहा वाजून दहा मिनिटांनी नळ खोकला, फसफसला, आणि जाड धार लागली. कोमलच्या आईनं नळालाच हात जोडले. चुलतसासरे दारात उभे होते. त्यांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हळदीच्या पंगतीत नवा वॉलमन आणि जुना वॉलमन शेजारी-शेजारी जेवायला बसले होते, आणि आम्ही त्यांच्या समोर. कोमलच्या आईनं नव्याला आग्रहानं बुंदी वाढली आणि म्हणाली, "दादा, बरोबर टायमाला पाणी सोडलं बगा."

"मी कुठलं?" तो म्हणाला. "काकांनी बोर्डावर लिवलं, तसं सोडलं. मी नवीन मानूस, मला काय म्हाईत कवा सोडायचं? मधी बोर्ड कोरा हुता, तर लई पंचाईत झाली माजी."

चुलतसासऱ्यांचा घास हातात राहिला. ते जुन्याकडं वळले. "आणि तुम्ही?"

जुना वॉलमन खाली पानात बघून म्हणाला, "मी बी बोर्ड बघूनच सोडायचो की, काका."

"पहिल्यापासून?"

"न्हाय, पयल्यांदा न्हाय. पयली दोन वर्सं तुमी लई चुकायचा. रोज दारात उबं ऱ्हाऊन घड्याळ बघायचा. मग मला वाटलं, मानूस येवढा झटतोय, त्येचं खरं हू द्यावं."

पंगतीत कुणाला हसू आवरेना. मलाही. चुलतसासरे तेवढे हसले नाहीत. हात धुताना ते मला म्हणाले, "जावईबापू, इतकी वर्षं मी माझाच पेपर तपासत होतो."

त्यानंतर आठ दिवस त्यांनी कंप्युटरला हात लावला नाही. फळा कोरा. पाणी बंद. नववा दिवस उजाडला तेव्हा नवा वॉलमन चावी घेऊन दारात आला आणि काकुळतीनं म्हणाला, "काका, लिवा की कायतरी. लोक मला शिव्या घालायलेत." मागं बायका उभ्याच होत्या. त्या दिवशी त्यांनी पुन्हा खडू उचलला. त्याच आठवड्यात एका सकाळी ते कुणाला न सांगता नळदुर्गला गेले आणि दुपारी टेम्पोतून पत्र्याचा मोठा कूलर घेऊन आले, वाळ्याच्या जाळ्यांचा. चिपसेटच्या कूलरला बावीस दिवस लागले होते. काकूंचा कूलर त्यांनी वीस मिनिटांत निवडला. मी विचारलं, "मापं घेतली होती का?" तर म्हणाले, "कोपरा घासलेला होता ना. तेवढंच माप."

काकूंनी पहिल्या दिवशी कूलरपुढं बसून दोन तास काहीच केलं नाही. नुसत्या बसल्या. पण तो खरोखरच रोज दोन घागरी पाणी प्यायचा, आणि पाचव्या दिवशी रांजण तळाला जायचा. काकू म्हणाल्या, "आता पानी तुमच्याच हातात हाय की वो. मदी एक मंगळवार लिवून टाका."

"असं करता येत न्हाय," ते म्हणाले. "ते शास्त्रात बसत न्हाय."

महिनाभर बसलं नाही. मे महिन्यात मी गेलो तर फळ्यावर लिहिलं होतं: "पाणी: मंगळवार, सकाळी ८.३०." मी त्यांच्याकडं बघितलं. ते खडूची भुकटी झटकत म्हणाले, "हिशेबात एक नवा घटक आलाय." आत कूलर घरघरत होता आणि काकू त्याच्यासमोर आडव्या होऊन झोपल्या होत्या.

गेल्या वर्षअखेरीस गावात नवी पाण्याची योजना झाली. आता एक दिवसाआड ठरलेल्या वेळी मोटार आपोआप सुरू होते. वॉलमनची चावी कुठल्यातरी भिंतीला टेकवून ठेवली आहे. चुलतसासऱ्यांना आता कुणी काही विचारत नाही. बायका फळ्याकडं न बघता पुढं जातात, आणि ही वाईट गोष्ट आहे असं कसं म्हणणार?

परवा मी गेलो होतो. दुपारचे चार वाजले आणि त्यांचा फोन वाजला. कोमलचा होता, बार्शीकडं सासर आहे तिचं. "व्हय... किती वाजता? सव्वानऊ... धार? बरं, पातळ." ते पुढ्यातल्या वहीत लिहून घेत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "वर्षभराचे आकडे दे म्हटलं तिला. मग तिच्या गल्लीचा अंदाज सांगीन. रोज न चुकता फोन करते."

मी गेल्या महिन्यातच कोमलच्या घरी जाऊन आलो होतो. तिच्या अंगणात बोअर आहे आणि चोवीस तास पाणी आहे. नळाचं कनेक्शनच नाही. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार.

"ठाऊक आहे मला," चुलतसासरे वही मिटत म्हणाले. "तिच्या आईनं सांगितलं. म्हणून कंप्युटरात भरलं न्हाय. त्याला खोटं चालत न्हाय." मग त्यांनी वही उशाखाली सारली आणि तिच्यावरून हात फिरवला. "वहीला चालतं."